नानांच्या सत्तावीस मुठी

आमच्या गल्लीत कोणी परका माणूस पत्ता शोधत आला आणि त्याच्या दुर्दैवाने त्याने तो नानांना विचारला, तर तो माणूस संध्याकाळपर्यंत गल्लीतच फिरताना दिसायचा.

"व्हिडिओ लायब्ररी?" नाना ओट्यावरून उठायचे, धोतर सारखं करायचे आणि हात लांब करून सांगायचे, "सरळ जा. ही समोर पैलवानाची तालीम. तालमीला लागून पाणपोई. पाणपोईच्या डाव्या अंगाला धनजीशेठची पेढी. पेढीसमोर कीर्तनकार बुवा राहतात. त्यांना विचारा, ते नीट सांगतील."

आता तालीम पडून वीस वर्षं झालेली. पाणपोईच्या जागी शटर. धनजीशेठ पेढी गुंडाळून केव्हाचे सुरतेला गेलेले. आणि कीर्तनकार बुवा तर त्याहूनही लांब, थेट वैकुंठाला. नीट पत्ता सांगायला नानांनी त्या बिचाऱ्याला ज्यांच्याकडे पाठवलं, ते गृहस्थ असे होते. शिवाय व्हिडिओ लायब्ररी नानांच्या घरासमोरच होती. तिथून हिंदी सिनेमाच्या मारामारीचा आवाज नानांच्या ओट्यापर्यंत येत असे. पण नानांच्या हिशेबी ती लायब्ररी नव्हतीच. ती पैलवानाची तालीम होती आणि मारामारीचा आवाज तिथून पूर्वीही येत असे.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आमच्या गल्लीचा नंबर मी सांगत नाही. आमच्यापैकी कोणी वाचलं तर उगाच बोलणी बसायची. मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातून कॉलेजसाठी धुळ्याला आले आणि मावशीकडे राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला सगळ्याच गोष्टींची भीती वाटायची. प्राध्यापकांची, रिक्षावाल्यांची, आणि बोलताना तोंडातून 'आहे'च्या जागी आमच्या अहिराणीतलं 'शे' निघून जाईल याची.

पहिल्याच दिवशी मी पत्र्याची पेटी घेऊन गल्लीत शिरले तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "कोणाकडे?"

"मावशीकडे. नर्स आहेत त्या. सिव्हिलमध्ये."

"नर्स?" नानांनी विचार केला. "इथं नर्स कोणी नाही." मग माझा चेहरा रडवेला झालेला पाहून म्हणाले, "थांब थांब. धनजीशेठकडे आली का तू? मग असं सांग ना!"

मावशी धनजीशेठच्या जुन्या घरात भाड्याने राहत होती. सहा वर्षं झाली होती. ती ड्यूटीवरून पांढऱ्या साडीत, दमून परत येताना नाना रोज विचारायचे, "काय धनजीशेठ, आज उशीर?" सुरुवातीला ती चिडायची म्हणे. मग तिने सोडून दिलं. आता ती पर्स सावरत म्हणायची, "हो नाना, पेढीवर गर्दी होती."

समोरच्या व्हिडिओ लायब्ररीचा संजय इतका बारीक होता की कॅसेटच्या दोन रॅकांमधल्या फटीतून आडवा न होता जाई. त्याला नाना 'पैलवान' म्हणत. आणि बुवांच्या घरात आता कूलर दुरुस्त करणारे रफिकभाई राहत. ते पंख्याची मोटार उघडून बसलेले असले की नाना दाराशी थांबून आदराने विचारत, "काय बुवा, आज कोणतं आख्यान?"

"आज वायंडिंग जल गया नाना," रफिकभाई तितक्याच आदराने सांगत.

याचं कारण नानांनीच मला एकदा सांगितलं. ते नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला होते. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर घेऊन त्यांनी जन्मभर या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. कोणत्या घरात किती हंडे आहेत, कोण पाणी सांडतं, कोण शेजाऱ्याच्या आधी मोटार लावतं, सगळं त्यांच्या डोक्यात. आणि डोक्यात प्रत्येक नळाला एक नाव. नळ बसवताना घरात जो होता त्याचं. ते नाव पुन्हा बदललं नाही.

"माणसं काय, येतात जातात," ते म्हणत. "नळ धनजीशेठचा. पाणी कोणी का भरेना!"

दुसऱ्या वर्षाला आमच्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं की प्रत्येकाने आपण राहतो त्या भागाचा इतिहास वीस पानांत लिहून आणायचा. माझ्या मैत्रिणी नदीपलीकडे देवपूरच्या नव्या कॉलन्यांमध्ये राहणाऱ्या. त्यांचा इतिहास दोन पानांत संपत होता आणि त्या रडकुंडीला आल्या होत्या. माझ्याकडे नाना होते. मी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले.

"लिही," नाना म्हणाले. हा त्यांचा आवडता शब्द. "ही जागा आधी माळरान होती. पहिला दगड आमच्या पणजोबांनी ठेवला."

मी लिहिलं. मग कापसाच्या जिनिंगमुळे गुजराती व्यापारी आले. ते कसे आले? पणजोबांनी बोलावले. मग जिनिंगमधले मुकादम आले, तालीम झाली. तालमीतला पहिला नारळ? पणजोबांनी फोडला. मग प्लेगात गल्ली ओस पडली. एकटे कोण राहिले? मी न विचारताच लिहून टाकलं.

"शाबास," नाना म्हणाले. "तुला इतिहास येतो."

सरांनी ती पानं पाहिली आणि लाल पेनाने बारीक अक्षरात लिहिलं, 'या पणजोबांचे वय किती?'

मी हे घाबरत घाबरत नानांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझे सर कुठले?" मी म्हटलं, नाशिकचे. "मग जाऊ दे. त्याला पाण्याचं काय कळणार!"

पण गल्लीत कोण कधी आलं, कोण का गेलं, हे ते सांगत तेव्हा पणजोबा आपोआप बाजूला पडत. धनजीशेठच्या बायकोला इथला उन्हाळा सोसेना, पण जाताना ती नळाला हळदकुंकू लावून गेली. पैलवानाचा मुलगा पुण्याला कारखान्यात लागला, मग म्हातारा पैलवानही गेला, आणि टेम्पोत बसल्यावर मुद्गल राहिले म्हणून परत उतरला. हे सांगताना नाना कोणाची नक्कल करत नसत, आवाजही चढवत नसत. एक दिवस मध्येच म्हणाले, "एक पत्र लिहून दे. माझा चष्मा फुटला आहे."

कानबाई जवळ आली होती. आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगते. घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्या गव्हाचा माणशी एक जाड रोट करतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत आणि टाकायचेही नाहीत. आमच्या गावी ते पौर्णिमेपर्यंत पुरवून खातात. नानांच्या घरची रीत कडक होती. सोमवारी विसर्जन झालं की दिवेलागणीच्या आत टोपली रिकामी झाली पाहिजे.

नाना एकटे राहत. मुलगा सुरेशभाऊ देवपूरला कॉलनीत, बायको आणि दोन मुलांसह. म्हणजे घरात मोजून चार पुरुष. आणि नाना दरवर्षी गहू घ्यायचे सत्तावीस मुठी.

धनजीशेठच्या घरच्या पाच. पैलवानाच्या सहा. बुवांच्या मुलांच्या चार. गल्ली सोडून गेलेले सगळे त्यात होते. जातपात, भाषा, काही आड येत नव्हतं. मंगलवहिनी, म्हणजे सुरेशभाऊंची बायको, भट्टीसमोर बसल्यासारखी लाल होऊन रोट भाजायची आणि पुढे दिवेलागणीपर्यंत सुरेशभाऊ आणि दोन नातू ते खात बसायचे. गेल्या वर्षी धाकट्या नातवाला दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

"आबा, या वर्षी शेवटचं," सुरेशभाऊंनी मोटारसायकल स्टँडवर लावता लावताच सांगितलं. ते नानांना आबा म्हणत. मी वही घेऊन तिथेच बसले होते, उठावं की बसावं ते कळेना. "एक तर चार मुठी घ्या. नाहीतर सत्तावीस घ्या आणि सत्तावीस खाणारे आणा. एक जरी रोट उरला ना, तर पुढच्या वर्षापासून कानबाई देवपूरला बसेल. आणि तुम्ही पण तिकडेच. हे घर बंद."

"भाऊबंद येतील," नाना म्हणाले.

"कोण भाऊबंद? मला एक चुलता दाखवा! पस्तीस वर्षांचा झालो, एक चुलता पाहिला नाही मी."

"पसरलेत सगळीकडे," नाना हवेत हात फिरवून म्हणाले. "लिही गं तू."

मी नऊ पोस्टकार्डं लिहिली. नानांनी मजकूर सांगितला. धनजीशेठच्या मुलांना: 'आपला नळ ठणठणीत आहे. सध्या त्यावर एक नर्सबाई पाणी भरतात. बाई चांगल्या आहेत, पण बादली फार मोठी आहे. रविवारी कानबाई आहे. आपल्या पाच मुठी घेतल्या आहेत तरी येणे.' पैलवानाला: 'मुद्गल घेऊन येणे.' शेवटचं कार्ड दोंडाईच्याला होतं. त्याचा मजकूर सांगायला नानांनी फार वेळ घेतला आणि मग एवढंच म्हणाले, "लिही, कानबाई शे. ये म्हना." मी 'शे' खोडून 'आहे' केलं. त्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी कोणी आलं नाही.

कानबाई चौरंगावर बसली होती, नथ घालून, फुलांत. नाना नवं धोतर नेसून ओट्यावर. प्रत्येक रिक्षाचा आवाज आला की मान वळायची. "सुरतेची गाडी उशिरा येते," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "पुण्याहून रिझर्वेशन मिळत नाही म्हणे." बुवांची मुलं तर शिरपूरला होती, तिथून दर तासाला बस होती.

सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरा नदीवर जाऊन कानबाई बोळवून आलो. दुपारी घरचे जेवायला बसले. सुरेशभाऊंनी तीन रोट खाल्ले. ते रागावले होते, पण मनाने वाईट माणूस नव्हे. बापाची बाजू राहावी म्हणून चौथाही घेतला आणि अर्ध्यावर थांबले. नातवंडं पोट धरून खाटेवर पडली. मंगलवहिनीने टोपली मोजली.

"एकोणीस," ती म्हणाली.

नानांनी टोपलीवरचं फडकं नीट केलं. सुरेशभाऊ मोटारसायकलच्या किल्लीशी चाळा करत भिंतीकडे पाहत होते. मला तिथं बसवेना. आणि मी खाऊही शकत नव्हते, कारण मी परकी. घरी आले तर मावशी ड्यूटीवरून येऊन पाय चोळत बसली होती. मला नीट सांगता येत नाही कधीच. मी फक्त म्हटलं, "मावशी, एकोणीस उरलेत, दिवे लागायला दोन तास आहेत, आणि नाना काहीच बोलत नाहीयेत."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि समोर जाऊन लायब्ररीचं शटर वाजवलं.

पंधरा मिनिटांनी ती नानांच्या दारात उभी होती. पांढऱ्या साडीतच.

"नाना, मी धनजीशेठ. जेवायला आलेय."

नाना खेकसले, "बाई, देवाच्या कामात चेष्टा नको."

"चेष्टा? सहा वर्षं मी धनजीशेठ आहे. पाणी भरताना धनजीशेठ आणि जेवताना नर्सबाई? असं कसं चालेल? माझ्या पाच मुठी कुठेत?"

तेवढ्यात मागून संजय दोन भावांना आणि लायब्ररीतल्या चार गिऱ्हाइकांना घेऊन आला. "नाना, पैलवान आलाय. हे तालमीतले पठ्ठे." एका पठ्ठ्याच्या काखेत अजून कॅसेट होती.

"गिऱ्हाइकं चालणार नाहीत," नाना म्हणाले.

"तालमीत बाहेरची पोरं यायची का नाही?"

"यायची," नानांना कबूल करावं लागलं. इतिहासात ते खोटं बोलत नसत. पणजोबा सोडून.

रफिकभाई दोन मुलांना घेऊन उंबऱ्याबाहेरच थांबले होते. "नाना, हमारा चलेगा क्या?"

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बुवा या घरात कधी उंबऱ्यावर बसून जेवले नाहीत. आत या."

मग काय! मंगलवहिनीने पदर खोचला. दूध, गूळ, गंगाफळाची भाजी, खीर. संजयने पैलवानाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून दोन रोट खाल्ले आणि तिसऱ्याला म्हणाला, "नाना, खरा पैलवान किती खायचा?" "आठ," नाना म्हणाले. "मग मी त्याचा नातू," म्हणत तो मागे सरकला. रफिकभाईंच्या धाकट्याने गुळाला गूळ लावून खाल्ला. मला वाढताना मंगलवहिनी थबकली. नाना म्हणाले, "वाढ. धनजीशेठची भाची शे ती." सुरेशभाऊ दाराशी उभे राहून हे बघत होते. हसू दाबण्यासाठी त्यांनी मिशीवर हात धरला होता. शेवटचा रोट मावशीने खाल्ला, उभ्याने, पाण्याच्या घोटाबरोबर. टोपली उलटी करून दाखवली तेव्हा बाहेर अजून उजेड होता.

त्याच उजेडात एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर बसच्या प्रवासाची धूळ.

"काशानं घर हाईच ना?"

नानांचं नाव काशिनाथ आहे हे मला वर्षभरात पहिल्यांदा कळलं. नाना उठून उभे राहिले. "वहिनी," ते म्हणाले आणि धोतर सारखं करू लागले.

मावशीने म्हातारीला बसायला पाट दिला. "बसा ना अक्का. नानांच्या पणजोबांचं घर, ऐसपैस आहे."

"कोना पनजोबाना?" अक्का हसायला लागल्या. "याना? व माय! हाऊ नऊ वरीसना व्हता. मी नवी नवरी. सकायले दार उघाडं तं हाऊ ओटावर बसेल, हातमा गाठोडं. कोठला शे, ते याले बी सांगता ये ना."

नाना जमिनीकडे पाहत होते. अक्कांनीच पुढे सांगितलं. त्या वर्षी त्यांच्या सासूबाईंनी कानबाईला आपल्या चार मुलांच्या चार मुठी मोजल्या आणि पाचवी भरली. सासऱ्यांनी विचारलं, ही कोणाची? सासूबाई म्हणाल्या, "जो जेवस त्याले मोजनं." पुढे त्यांचं सगळं घर तेलगिरणीच्या कामासाठी दोंडाईच्याला गेलं आणि हे घर काशिनाथला दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी वीस पानं लिहिली, पण नानांच्या घरचा नळ कोणाच्या नावाचा आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"चाळीस वरीसमा पहिलं पत्र," अक्का म्हणाल्या. "मी म्हनू, याले लिहिता येत नही, मंग कोनी लिहिलं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. चष्म्याबद्दल आम्ही दोघंही त्यानंतर कधी बोललो नाही.

अक्कांनी रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. "बठ्ठा खाई गयात? बेस. आनि तू, काशा? तुनी मूठ कोनी मोजी?"

नाना बोलले. गल्लीचा इतिहास सांगणारा तो आवाज नव्हता.

"सोतानी कशी मोजू, वहिनी? घरनं मोठं मानूस मोजस."

आम्ही सगळे त्या सत्तावीसमध्ये होतो आणि ते स्वतः नव्हते. दुपारी नातवंडांना आग्रह करताना, नंतर आम्हाला वाढताना, त्यांनी एक तुकडाही तोंडात घातला नव्हता.

अक्कांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला एक रोट काढला. "दरसाल मोजस मी. तू येस नही, मंग तुना रोट माना मोठा पोऱ्या खास. तुनामुये जाड व्हई गया तो. यंदा म्हनू, पत्र उनं शे, मीच लई जास. खाई ले. दिवा लागाना आत."

नानांनी रोट दोन्ही हातांत घेतला. तो तोडायच्या आधी त्यांनी दाराकडे पाहिलं. सुरेशभाऊ तिथेच उभे होते.

"सुरेश," ते म्हणाले, "इकडे ये. पाय पड. तुझी काकू शे."

सुरेशभाऊंनी मोटारसायकलची किल्ली खिशात ठेवली आणि वाकले.